सव्वाएकाहत्तर इंचांचा माणूस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान आहे. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत कधी शिकवलं नाही, पण समोरच्याला हात वर करून उभं करायची सवय शाळामास्तराइतकीच पक्की. चौपन्न वर्षांचे, बेताच्या उंचीचे, गळ्यात टेप, खिशात खडू आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे मास्तर अबोल आहेत असा नव्या गिऱ्हाइकाचा समज होतो. टाचण्या संपेपर्यंतच तो टिकतो. ही सगळी हकीकत मला कळली ती त्यांनी माझ्या एका पँटची उंची कमी केली तेव्हा. पाच मिनिटांचं काम, आम्हाला सव्वा तास लागला, आणि मी तो सगळा वेळ एका स्टुलावर उभा होतो.

मास्तरांना धनुष्याचा नाद लागला तो डॉक्टरांमुळे. तीस वर्षं मशीनवर वाकून त्यांचे खांदे पुढे आले होते. मागून पाहिलं तर माणूस कायम काहीतरी हरवलेलं शोधतोय असं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज काहीतरी ओढत जा, छाती उघडेल. डॉक्टरांच्या मनात एक साधी रबरी पट्टी होती. पण मास्तरांनी सल्ला विचारला तो साडूंना, आणि इथून रबरी पट्टी जी मागे पडली ती पडलीच.

हे साडू म्हणजे मास्तरीणबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळा गाव त्यांना साहेब म्हणतो, मास्तरही साहेबच म्हणतात. वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. बाजारातले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं माप सापडलं की जप्त. साहेब कोपऱ्यावर नुसते खोकले तरी भाजीबाजारातले काटे आपोआप सरळ व्हायचे म्हणतात. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. खुर्ची गेली, शिक्का गेला, खोकला राहिला, पण त्याला आता कुणी घाबरेना. एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती. गावाबाहेरच्या मैदानावर एक तिरंदाजीची संस्था आहे. तिचा तिघांचा संघ दर वर्षी बाहेर खेळायला जातो. पहिल्या दोन जागा एका दंतवैद्याच्या आणि एका मोटार मेकॅनिकच्या. ते इतके तरबेज आहेत की त्यांच्याबद्दल कुणी बोलतही नाही. तिसरी जागा अकरा वर्षं साहेबांची होती. तिच्यासाठी दर वर्षी निवड व्हायची, म्हणजे साहेब एकटेच बाण मारायचे आणि बाकीचे चहा प्यायचे.

मास्तरांना मैदानावर नेलं ते साहेबांनीच, हे विसरता कामा नये. संस्थेकडे शिकाऊ लोकांसाठी एक धनुष्य आहे, कुणाच्याही हातात चालणारं. त्यावर साहेबांनी मास्तरांना उभं राहायला शिकवलं, श्वास कुठे रोखायचा ते शिकवलं. श्वास रोखणं मास्तरांना नवीन नव्हतं. पहिल्या फटक्यात सुई ओवणाऱ्या माणसाला ते काय शिकवायचं. चार महिन्यांत मास्तरांचे बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या आसपास असे पडू लागले, जणू काजाच्या खुणा करतायत. एका सकाळी मेकॅनिक हसत म्हणाला, साहेब, यंदा चहा पिणाऱ्यांत तुम्ही बसणार बहुतेक. साहेबही हसले. सगळे हसले. मास्तर तर लाजून इतके वाकले की डॉक्टरांचे चार महिने वाया गेले.

मग ठरलं की मास्तरांनी स्वतःचं कंपाउंड धनुष्य घ्यायचं. निवडीला उतरायचं तर ते हवंच. आणि निवडून कोण देणार, तर साहेब.

कंपाउंड धनुष्य म्हणजे ते दोन टोकांना चाकं असलेलं. त्या चाकांना कॅम म्हणतात. साधं धनुष्य तुम्ही ओढाल तितकं ओढलं जातं. हे तसं नाही. एका ठरावीक अंतरावर भिंत लागल्यासारखं थांबतं, आणि ती भिंत नेमकी ओढणाऱ्याच्या मापाची असावी लागते. त्या अंतराला ड्रॉ लेंग्थ म्हणतात. काढायची रीत सोपी आहे. दोन्ही हात आडवे पसरायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत इंचात मोजायचं, आणि अडीचने भागायचं. सोपं आहे, पण एक अडचण आहे. सगळ्या गावाची मापं घेणाऱ्या माणसालाही हे स्वतःचं माप घेता येत नाही, कारण त्याचे दोन्ही हात त्यातच अडकलेले असतात.

म्हणून आदल्या संध्याकाळी साहेब दुकानात आले. मास्तर भिंतीकडे तोंड करून हात पसरून उभे राहिले, आणि त्यांचीच टेप घेऊन साहेबांनी पाठीमागून माप घेतलं. दोनदा घेतलं. मग म्हणाले, सव्वाएकाहत्तर.

मास्तरांची उंची पाच फूट साडेसात इंच. हाताचा पसारा साधारण उंचीएवढा असतो हे कुठल्याही शिंप्याला झोपेत माहीत असतं. मास्तर तर रस्त्यावरून जाणारा माणूस बघून त्याच्या बाहीची लांबी सांगतात, आणि वर ती शिवणारा शिंपी कोण तेही सांगतात. पण स्वतःच्या बाबतीत त्यांना ते सुचलंच नाही. त्याला कारण पुढचं वाक्य. साहेब टेप गुंडाळत म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर आजानुबाहू निघालात."

झालं. तीस वर्षांत त्या माणसाच्या अंगाबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता. पुढचा आठवडाभर मास्तर वरच्या फळीवरचे तागे काठी न घेता काढायचा प्रयत्न करत होते. शिवाय सव्वा. पंच्याहत्तर म्हटलं असतं तर कदाचित शंका आली असती, पण पाव इंचाचाही हिशेब ठेवणाऱ्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार, तेही सरकारचा शिक्का ज्याच्या हातात होता अशा माणसावर. आणि आणखी एक गोष्ट होती, ती निव्वळ धंद्यातली. घरून माप घेऊन येणारं, किंवा मास्तरांनी माप घेतल्यावर परत मोजून बघा म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना आवडत नाही. अशांना ते टाचण्या तोंडातून काढून उत्तर देतात. आता ते स्वतः गिऱ्हाईक होते. शहाण्या गिऱ्हाइकासारखं गप्प उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं धनुष्याच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं. एके काळी स्पर्धा खेळलेल्या, खांदे असे की दारातून जरा तिरप्याच आत येतात. त्यांनी आधी मास्तरांना दोन्ही पंजांची तिकोनी खिडकी करून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला लावला. उजवा उघडा ठेवला तेव्हा घड्याळ जागेवर राहिलं. डाव्याने पाहिलं तेव्हा ते खिडकीबाहेर पळालं. म्हणजे मास्तरांचा उजवा डोळा मालक आणि डावा नोकर. यावरून धनुष्य उजव्या हाताचं ठरलं.

मग वजन. मास्तरांना वाटलं किती किलोचं आहे ते विचारतायत. पण हे ओढण्याचं वजन, आणि ते पौंडात. बाईंनी पंचेचाळीस सुचवलं आणि एक नमुना ओढायला दिला. आधी सक्त ताकीद दिली की बाण नसताना दोरी कधीही सोडायची नाही, धनुष्याचे तुकडे होतात. ओढायची आणि तशीच हळूहळू परत न्यायची. मास्तरांनी ओढलं. अर्ध्यात चेहरा लाल झाला, आणि मग एकदम कॅम फिरले आणि पंचेचाळीसपैकी अकराएक पौंडच हातावर उरले. याला लेट ऑफ म्हणतात. मास्तर त्या अवस्थेत, दोरी गालाशी धरून, हरखून म्हणाले की हे तर लग्नाच्या बरोबर उलटं आहे. बाईंनी त्यांना बोलू नका, श्वास घ्या, असं सांगितलं.

दोन चाकांच्या आसांमधलं अंतर सदतीस इंचांचं घेतलं. आखूड धनुष्य रानावनात मिरवायला बरं, लांब असलं की हातात स्थिर राहतं. मग ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर. बाई म्हणाल्या, हे कमी असलं की बाण वेगात जातो पण हाताची बारीकशी चूकही माफ करत नाही. जास्त असलं की थोडं सांभाळून घेतं. मास्तर म्हणाले, मला सांभाळून घेणारं द्या. सात इंचांचं घेतलं.

शेवटी ड्रॉ लेंग्थ. बाईंनी काउंटरखालून टेप काढली.

"मोजायची गरज नाही," साहेब म्हणाले. "सव्वाएकाहत्तर. साडेअठ्ठावीसवर लावा. मी स्वतः मोजलंय."

बाईंनी एकदा मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांची टेप अजून हातातच होती. मास्तर घाईघाईने म्हणाले, साहेब वजनमापे खात्यातले आहेत. बाईंनी खांदे उडवले, म्हणजे दुकानाचा बराचसा भाग हलला, आणि कॅमवरचे दोन छोटे स्क्रू सोडून साडेअठ्ठावीसच्या खुणेवर घट्ट केले.

तिथल्या तिथे ओढून बघताना मास्तर म्हणाले होते की थोडं लांब वाटतंय. साहेबांनी काय उत्तर दिलं ते मास्तरांना शब्दन् शब्द पाठ आहे. "थोडं सैल ठेवलंय मास्तर. छाती उघडली की अंगावर बसेल." हे वाक्य मास्तर स्वतः तीस वर्षं गिऱ्हाइकांना म्हणत आले होते. साडूने आपल्यासाठी आपल्या धंद्याची भाषा उचलली, याचं त्यांना केवढं कौतुक. घरी येऊन त्यांनी मास्तरीणबाईंना तीनदा सांगितलं.

पुढचे सहा महिने ते धनुष्य अंगावर बसायची वाट बघण्यात गेले.

दीड इंच म्हणजे काही फार नाही, असं तुम्हाला वाटेल. मास्तरांना विचारा. शर्टाच्या गळ्यात दीड इंच म्हणजे दोन वेगळी माणसं. दोरी सुटताना त्यांच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सपकन लागायची. मनगटापासून कोपरापर्यंत आधी लाल, मग निळं, मग पिवळं. हात म्हणजे कापडाच्या नमुन्यांचं पुस्तक झाला होता. गिऱ्हाइकं दचकायची. गालाशी दोरी रोज वेगळ्या जागी टेकायची, आणि बाण आज डावीकडे तर उद्या वर. शिकाऊ धनुष्यावर काजाच्या खुणा करणारा माणूस स्वतःच्या धनुष्यावर बटणं उधळल्यासारखे बाण फेकत होता. मेकॅनिकने थट्टा करणं सोडून दिलं, आणि ते मास्तरांना थट्टेपेक्षा जास्त लागलं. मेकॅनिकला एकदा शंका आली, त्याने ड्रॉ लेंग्थ विचारलीही. मास्तरांनीच छाती पुढे काढून सांगितलं, माप साहेबांनी घेतलंय. विषय संपला.

साहेब मात्र खचू देत नव्हते. रोज शेजारी उभे राहून सांगायचे की छाती अजून उघडली नाही, खांदा मागे घ्या, होईल. एकदा हात फारच सुजला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातावरचा चामड्याचा पट्टा सोडून मास्तरांच्या हातावर बांधला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. घरी मास्तरीणबाई रोज संध्याकाळी फडक्यात बर्फ गुंडाळून हाताला लावायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. एरवी त्या मास्तरांना जेवताना सांडलेल्या भाताच्या शितावरूनही दोन वाक्यं ऐकवतात. पण या बाबतीत गप्प. मास्तरांना वाटलं, बायको आपल्या जिद्दीला मान देतेय.

निवडीला तीन आठवडे उरले असताना दंतवैद्याने मोबाइलवर सरावाचे फोटो पाठवले. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मास्तर अंगठ्याने एकेक फोटो सरकवत होते. दंतवैद्य, मेकॅनिक, साहेब. मग बाजूने काढलेला एक फोटो आला आणि ते थांबले. फोटोतला माणूस मागे रेलला होता, जसं उतारावर उभं राहून कुणी तोल सांभाळावा. पुढचा हात कोपरातून ताठ उलटा वळलेला. दोरी गालाच्या मागे, कानाच्या पाळीजवळ पोचलेली. मान दोरीच्या मागे धावतेय. मास्तरांचं डोकं तोवर धनुष्यात नव्हतंच, ते आपलं धंद्यात होतं, आणि ते मनातल्या मनात म्हणाले, या बिचाऱ्याने दुसऱ्याचा कोट घातलाय. मग त्यांना शर्ट ओळखू आला. त्यांनीच शिवलेला. स्वतःसाठी.

त्यांनी आत हाक मारली. मास्तरीणबाई काजं करत बसल्या होत्या, त्या सुई दोऱ्यासकट बाहेर आल्या. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात पसरले, आणि म्हणाले, बोटांच्या टोकांशी खडूने खूण कर. दोन खुणा झाल्या. मग मास्तर वळले आणि आपल्या हाताने दोन खुणांमध्ये टेप लावली. साडेसदुसष्ट. पुन्हा उभे राहिले, पुन्हा खुणा. खडूच्या रेघा एकमेकींवरच पडल्या. साडेसदुसष्ट भागिले अडीच, सत्तावीस. धनुष्य कोपऱ्यात होतं. त्यांनी चष्मा वर करून कॅमवरची खूण पाहिली. साडेअठ्ठावीस.

आणि मग या माणसाने काय करावं? साडूची बाजू घेतली. म्हणाले, "चूक झाली असेल साहेबांची. पाठीमागून घेतलं ना, टेप सरकली असेल."

मास्तरीणबाईंच्या हातात खडू होता. हो म्हणाल्या असत्या तर गोष्ट तिथेच मिटली असती. आज मास्तर आणि साहेब मांडीला मांडी लावून बसले असते.

"सरकली नाही," त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या ताईने फोनवर सगळं सांगितलं होतं. मेकॅनिकची ती थट्टा साहेबांना लागली होती. माप घेतलं त्या संध्याकाळी ते घरी गेले आणि जेवलेच नाहीत. ताईने खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, एक वर्ष, फक्त एक वर्ष, मग मीच दुरुस्त करून देतो. ताई फोनवर रडली होती. यांची ती जागा गेली तर हे घरात भिंतीकडे तोंड करून बसतील, म्हणाली. तू काही बोलू नकोस, म्हणाली. आणि मास्तरीणबाई बोलल्या नाहीत.

"तुझ्या ताईचं ठीक आहे," मास्तर म्हणाले. "तू रोज बर्फ लावत होतीस."

"मला वाटलं, तुमचं हे चार दिवसांचं वेड आहे. सुटेल."

मास्तर मला सांगत होते की त्यांना साहेबांचा राग आला, भयंकर आला, कात्री घेऊन जावं इतका. पण साहेबांचं त्यांना समजत होतं. कापलेलं कापड दिसतं तसं ते दिसत होतं. भीती होती, जागा होती, हातात टेप होती. बर्फाचं समजत नव्हतं. बर्फ लावणारा हात खरा होता, फुंकर घालणंही खरं होतं, आणि त्याच तोंडात ते साडेअठ्ठावीस होतं. हे सांगताना त्यांनी माझ्या पँटच्या काठाला टाचणी लावली ती सरळ माझ्या घोट्यात.

दुसऱ्या दिवशी ते एकटे धनुष्याच्या दुकानात गेले. बाईंनी सत्तावीसवर लावून द्यायला दहा मिनिटं घेतली. दोरीत बसवलेला बघायचा छोटा गोल डोळ्यासमोर आणला, समोरचा नेम नव्याने जुळवला. फक्त निघताना म्हणाल्या, त्या दिवशी टेप माझ्या हातात होती, मी ती ठेवायला नको होती. मास्तर म्हणाले, तुमची काय चूक, गिऱ्हाईकच नको म्हणालं.

पुढचे तीन आठवडे ते मैदानावर सगळ्यांच्या आधी जायचे आणि साहेब यायच्या वेळेला परत फिरायचे. साहेबांनी निरोप पाठवला, मास्तर दिसत नाहीत. मास्तरांनी उत्तर पाठवलं, दुकानात काम आहे. दोरी आता गालाला रोज एकाच जागी लागत होती. हाताचा निळा रंग उतरला. साहेबांचा चामडी पट्टा त्यांनी मास्तरीणबाईंकडे दिला, ताईकडे पोचव म्हणाले. घरात बोलणं कामापुरतं. काजं किती झाली, बटणं कोणती, जेवायला वाढ. मास्तरीणबाई शितावरूनही काही बोलेनात.

निवडीच्या सकाळी मैदानावर चार माणसं जास्तच जमली होती. पन्नास मीटरवर एकच लक्ष्य, बहात्तर बाण, सहा सहाच्या बारा फेऱ्या. मास्तरांनी पहिला बाण लावला, ओढला, आणि सरळ उभे राहिले. अगदी सरळ. शेजारी साहेब होते. साहेबांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी मास्तरांच्या कोपराकडे पाहिलं, गालाकडे पाहिलं, मग कॅमकडे पाहिलं आणि पुढे पूर्ण सकाळ कुठेच पाहिलं नाही.

साहेब वाईट खेळले नाहीत, हे मास्तरांनी मला आवर्जून सांगितलं. अकरा वर्षांचा हात होता. पण मास्तर तीन आठवड्यांत कुठल्या कुठे गेले होते. दोघांचे आकडे असे जोडीने चढत गेले की चहावाल्यानेही काम सोडून पाहिलं.

या संस्थेत एक नियम आहे. लक्ष्यावर जाऊन तुमच्या बाणाचे गुण प्रतिस्पर्ध्याने वाचायचे आणि तुम्ही स्वतः लिहायचे. म्हणजे कुणी स्वतःला वाढवून घेऊ शकत नाही. नियम साहेबांनीच कधी काळी घातलेला. शेवटच्या फेरीनंतर दोघं लक्ष्याकडे चालत गेले, मागून दंतवैद्य आणि मेकॅनिक. साहेबांचे बाण मास्तरांनी वाचले. बेरीज सहाशे एकावन्न. मास्तरांचे पाच बाण वाचून झाले. एक उरला, दहाच्या आणि नवाच्या रेघेपाशी. दहा धरला तर बरोबरी, आणि बरोबरीत ज्याचे दहा जास्त त्याची जागा. मास्तरांचे जास्त होते. नऊ धरला तर मास्तर एका गुणाने मागे. बाण रेघेला शिवला असेल तर दहा.

साहेब खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"दहा," ते म्हणाले.

मागून मेकॅनिकने टाळी वाजवायला हात वर केले. मास्तरांनी लिहिलं नाही. ते स्वतः वाकले. बाण आणि रेघ यांच्यात कागद दिसत होता. दोऱ्याएवढा, पण दिसत होता. उठताना त्यांची आणि साहेबांची नजर समोरासमोर आली. साहेबांचे डोळे ओले होते, आणि त्यांत काय होतं ते मास्तरांना चांगलंच कळत होतं. तिसरी जागा, अकरा वर्षं, सगळं त्या एका शब्दात घालून ते पुढे करत होते. फक्त घ्यायचं होतं.

"माझं माप तुम्ही एकदा चुकवलंत साहेब," मास्तर हळूच म्हणाले. "आता पुन्हा नको. नऊ आहे."

आणि त्यांनी नऊ लिहिलं.

संघात साहेब गेले, बाराव्या वर्षी. मैदानावर लोक अजून म्हणतात की मास्तर एका गुणासाठी साडूशी बोलेनासे झाले, एवढा काय तो हट्टी माणूस, आणि साहेब बघा, किती सोसतात. मास्तर हे ऐकतात आणि टाचण्या तोंडात घालतात.

त्या दिवशी ते धनुष्याची पेटी खांद्याला अडकवून दुपारी घरी आले. मास्तरीणबाई दारातच होत्या. सकाळपासून एकही काज झालेलं नव्हतं. मास्तरांनी पेटी कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या, हातपाय धुतले. मग मशीनवर जाऊन बसले आणि दोरा ओवत म्हणाले, "ताईला फोन कर. साहेबांची निवड झाली. ती वाट बघत असेल."